लॅमिनाचा वरचा अर्धा भाग

मणक्याच्या शस्त्रक्रियेत सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते, असं मला कुणी विचारलं तर मी रक्तस्राव म्हणणार नाही आणि स्क्रू भलतीकडे जाणंही म्हणणार नाही. मी म्हणेन, लॅमिनाचा वरचा अर्धा भाग.

लॅमिना म्हणजे मणक्याच्या मागच्या बाजूची हाडाची कमान. दोन्हीकडून येऊन मधोमध जुळणारी, काही मिलिमीटर जाडीची. तिच्या आत कॅनॉल, म्हणजे मणक्यातली पोकळ नळी. कॅनॉलमध्ये मज्जारज्जू, किंवा कमरेत असाल तर नसांचा जुडगा, आणि त्याभोवती पाण्याने भरलेलं पातळ आवरण, म्हणजे ड्युरा. एका लॅमिनापासून खालच्या लॅमिनापर्यंत एक पिवळट, लवचीक अस्थिबंध ताणलेला असतो. पुस्तकात त्याचं नाव लिगामेंटम फ्लेवम, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नुसतं फ्लेवम. हा फ्लेवम वरच्या लॅमिनाच्या खालच्या काठावर थांबत नाही. तो आतून वर चढतो आणि लॅमिनाच्या आतल्या अंगाला साधारण अर्ध्या उंचीवर चिकटतो. त्यामुळे लॅमिनाचा खालचा अर्धा भाग कापताना हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये फ्लेवमचं संरक्षण असतं. हात थोडा जास्त गेला तरी निभावतं. वरच्या अर्ध्या भागात हाड संपलं की थोडीशी चरबी आणि लगेच ड्युरा. हाताला दोन्हीकडे लागणारं हाड तेच, आतली परिस्थिती मात्र साफ वेगळी.

हाड कंपनांनी कापणाऱ्या अल्ट्रासोनिक हत्याराबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं, म्हणून सुरुवात इथून केली.

डिकम्प्रेशन म्हणजे दाबलेल्या नसांना जागा करून देणं. वयोमानाने सांधे वाढतात, फ्लेवम जाड होतो, दोन मणक्यांमधली चकती मागे सरकते आणि कॅनॉल आक्रसत जातो. कमरेत त्याचा पुढून मागचा व्यास 10 मिलिमीटरच्या खाली गेला की आम्ही त्याला नि:संशय अरुंद म्हणतो. हेंक व्हरबीस्ट या डच न्यूरोसर्जननी 1954 साली या आजाराचं जे वर्णन केलं ते आजही ओपीडीत रोज समोर येतं: बसल्यावर काही नाही, झोपल्यावर काही नाही, पण उभं राहिलं, चालायला लागलं की पाय भरून येतात आणि थांबावं लागतं. मानेत हेच झालं तर प्रकरण जास्त गंभीर, कारण तिथे नसांच्या ऐवजी खुद्द मज्जारज्जू दाबला जातो. शर्टाची बटणं लागत नाहीत, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो. दुखतं असंही नाही, म्हणून माणूस उशिरा येतो.

मागून शस्त्रक्रिया करायची तर उपाय एकच, मागची कमान उघडायची. प्रश्न एवढाच की कशाने.

माझी पिढी केरिसन पंच आणि हाय-स्पीड ड्रिलवर शिकली. दोन्ही हत्यारांवर माझं प्रेम आहे, पण दोघांचे स्वभावही मला पक्के ठाऊक आहेत. केरिसनला खाली एक चपटा ओठ असतो. तो लॅमिनाच्या खाली सरकवायचा, वरचा भाग दाबायचा, हाडाचा तुकडा कापून येतो. कमरेत याच्यासारखं हत्यार नाही. पण जिथे आधीच जागा संपली आहे तिथे हा ओठ सरकवायचा म्हणजे दाबलेल्या मज्जारज्जूला आणखी दाबायचं. ओठ दीड-दोन मिलिमीटरचा असला तरी तेवढी जागा आत आहे कुठे? म्हणून मानेत आणि छातीच्या मणक्यात ड्रिल आलं. वरून हाड घासत घासत पातळ करत जायचं. ड्रिलचं डोकं, म्हणजे बर, मिनिटाला 60-80 हजार फेरे घेतं. त्याची भीती दोन गोष्टींची. एक, ते सरकतं. कडक हाडाच्या कडेवर ते चावलं की बाजूला उडी मारतं आणि ती उडी कुठे मारायची हे ते आपल्याला विचारत नाही. दुसरं, ते गुंडाळतं. ड्युरावर ठेवलेल्या कापसाच्या पॅटीचा एक कोपरा जरी बरला लागला तरी अख्खी पॅटी क्षणात त्याच्याभोवती फिरायला लागते आणि आजूबाजूचं सगळं झोडपते. ड्युराचं तेच. जे हत्यार गोल फिरतं ते मऊ पदार्थ ओढून घेतं, त्यात दोष कुणाचा नाही.

अल्ट्रासोनिक पातं फिरत नाही. सगळा फरक इथून सुरू होतो.

ही कल्पना जितकी नवी वाटते तितकी नाही. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं, आणि उलट, वीज दिली की तेच स्फटिक आकसतात-फुलतात हे लगोलग पुढच्या वर्षी सिद्ध झालं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी याच तत्त्वावर पाण्यात आवाज सोडणारी यंत्रणा उभी केली. धातूच्या दोन तुकड्यांमध्ये स्फटिक दाबून बसवायची त्यांची रचना आजही आमच्या हॅण्डपीसच्या, म्हणजे हातात धरायच्या दांड्याच्या, पोटात आहे, फक्त स्फटिकाच्या जागी सिरॅमिकच्या चकत्या आल्या. पुढे दातांवरचा थर काढणारं अल्ट्रासोनिक स्केलर आलं. चार्ल्स केलमन हे नेत्रतज्ज्ञ दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेले असताना त्या स्केलरवरून त्यांना मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची कल्पना सुचली, आणि 1967 मध्ये त्यांनी ती अमलात आणली. सत्तरच्या दशकात मेंदूच्या गाठी फोडून शोषून घेणारं यंत्र आलं, ज्याला आम्ही क्युसा म्हणतो. म्हणजे आधी मऊ पदार्थ फोडणं जमलं. हाड कापण्याची पाळी नंतर आली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इटलीतल्या तोमासो व्हेर्चेलोत्ती यांनी जबड्याच्या हाडासाठी ते रुळवलं आणि तिथून हळूहळू ते मणक्यापर्यंत पोचलं.

आमच्या ओटीतल्या यंत्राचं पातं सेकंदाला 22,500 वेळा पुढे-मागे होतं. माणसाच्या कानाची हद्द 20 हजारांवर संपते, म्हणून हा आवाज ऐकू येत नाही. हाडाला टेकल्यावर जो बारीक चरचरीत आवाज येतो तो कापण्याचा. पात्याची हालचाल किती? सेटिंगप्रमाणे बदलते, पण समजा 120 मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीहून थोडी जास्त. डोळ्याला पातं स्थिर दिसतं. एकदा रात्री जेवणानंतर मी कागदावर हिशेब मांडला होता. एवढ्याशा अंतरात एवढ्या वेगाने जा-ये करायची तर पात्याच्या टोकाचा कमाल वेग सेकंदाला साडेआठ मीटर होतो, म्हणजे ताशी 30 किलोमीटर. आणि प्रत्येक टोकाला पूर्ण थांबून उलट फिरताना जो त्वरण लागतो तो गुरुत्वाकर्षणाच्या लाखपटीच्या वर जातो. उत्तर चुकलं असेल म्हणून मी ते पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

या आकड्यातच कापण्याचं रहस्य आहे. एवढ्या झपाट्याने येणाऱ्या धक्क्यापुढे हाडाला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ते ताठ आहे, मग ते तिथल्या तिथे बारीक बारीक फुटतं. ड्युरा, फ्लेवम, नस हे सगळं लवचीक, ते पात्याबरोबर हलतं आणि परत येतं. वाऱ्यावर पडदा डोलतो, फाटत नाही. त्याच वाऱ्यात घट्ट बसवलेली काच तडकते. तत्त्व एवढं साधं आहे, आणि म्हणूनच त्याची जाहिरात एका वाक्यात होते: हे फक्त हाड कापतं, मऊ भागाला धक्का लावत नाही.

माझं भांडण त्या वाक्याशी आहे.

पडदा डोलतो, पण त्याच्यामागे मोकळी जागा असेल तर. ड्युराच्या मागे पाणी आहे तोवर तो दबतो आणि पात्याबरोबर हलतो. पण ज्या रुग्णाला डिकम्प्रेशन लागतंय त्याच्या कॅनॉलमध्ये नेमकं तेच पाणी उरलेलं नसतं. एमआरआयवर बघा, अरुंद झालेल्या पातळीला पाण्याची पांढरी रेघ तुटलेली दिसते. तिथे ड्युरा मागून हाडाला आणि पुढून चकतीला टेकून ताणलेला असतो. ताणलेल्या आवरणाला डोलायला वाव नसतो. त्यावर पातं दाबलं की ते कापलं जातं, अल्ट्रासोनिक असो की नसो. आधी ऑपरेशन झालेल्या पाठीत तर ड्युरा जुन्या व्रणात घट्ट अडकलेला असतो. तिथे मी या पात्यावर अजिबात विसंबत नाही.

आणि दुसरी गोष्ट, उष्णता. पातं मऊ भागाला न कापताही भाजू शकतं. भाजलेली नस बाहेरून धडधाकट दिसते. फाटलेला ड्युरा निदान पाणी सोडून ओरडून सांगतो की मी फाटलोय, तो शिवता येतो, वर चरबीचा तुकडा किंवा फायब्रिन ग्लू लावता येतो. भाजलेल्या नसेचं ऑपरेशन टेबलावर काहीच कळत नाही. कळतं ते रुग्ण शुद्धीवर आल्यावर. ड्रिलने आम्हाला घसरण्याची भीती शिकवली होती. या हत्याराने ती भीती बरीच कमी केली आणि तिच्या जागी एक न दिसणारी भीती आणून ठेवली. सोय मोठी आहे, पण ही अदलाबदल आहे, सुटका नाही. शिकायला येणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना मी हे पहिल्या दिवशी सांगते.

हाड किती तापलेलं सहन करतं याचं उत्तर 1983 मध्येच मिळालं आहे. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या हाडावर दाखवलं की 47 अंश सेल्सिअस एक मिनिटभर राहिलं तरी हाडाची नव्याने भरून येण्याची ताकद मार खाते. 47 अंश! अंघोळीचं पाणी जरा कडक झालं की आपण त्याच्या जवळपास असतो. न हलवता, पाणी न सोडता धरलेलं पातं तिथवर काही क्षणांत पोचतं आणि तिथून पुढेही जातं.

म्हणून पाणी. या यंत्राच्या वापराचं निम्मं शहाणपण पाण्यात आहे. पात्याच्या बाजूनेच सलाइनची धार येते, तिचं प्रमाण कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या मुख्य पेटीवर, ठरवता येतं. पण ती धार पात्याच्या टोकापर्यंत पोचते का, हे कन्सोल सांगत नाही. खोल जखमेत, अरुंद खाचेत पातं उतरलं की पाणी बाहेरच वळतं आणि टोक कोरडं पडतं. आमच्या सिस्टर म्हणूनच हातात वेगळी सलाइनची सिरिंज घेऊन उभ्या असतात. खाच खोल जायला लागली की मी काही बोलायच्या आत त्यांची धार खाचेत पडते. चांगली स्क्रब सिस्टर कोण, हे मी हल्ली यावरून ओळखते. उलट बाजूने पाण्याचा त्रासही आहे: कंपनाने त्याचं धुकं होतं, मायक्रोस्कोपची काच ओलसर होते, सक्शन जवळ नसेल तर दिसायचं बंद होतं. आणि सक्शन फार जवळ असेल तर ते पाणी टोकाला लागायच्या आधीच ओढून घेतं. सहायकाने सक्शन कुठे धरायचं हा या शस्त्रक्रियेतला खरा बारकावा आहे. पुस्तकात तो एका ओळीत येतो.

आता हात. ड्रिल चालवताना आपण ब्रशसारखे फटके मारतो, वजन जवळजवळ टाकतच नाही. पात्याला थोडा दाब लागतो, आणि तोच शिकायला अवघड. जास्त दाबलं की पातं कापायचं थांबतं आणि तापायला लागतं. म्हणजे कापत नाहीये म्हणून आणखी जोर लावावा, ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया इथे नेमकी उलटी पडते. मी पातं लॅमिना आणि फॅसेट सांधा (मणक्यांना मागून जोडणारा) यांच्या सीमेवर टेकवते, वर-खाली सतत सरकवत राहते, एका जागी कधीच थांबवत नाही. आधी वरचं कडक कवच लागतं, कॉर्टेक्स. चरचर आवाज, हळू प्रगती. मग आतलं स्पंजासारखं हाड. पातं एकदम सहज जातं, खाचेतून लालसर पाणी येतं. मग पुन्हा कडक, आतला कॉर्टेक्स. इथून पुढे मी सरकवणं सोडते आणि टेकव-उचल, टेकव-उचल सुरू करते. प्रत्येक टेकवणं क्षणभराचं. आतला कॉर्टेक्स पार झाला की बोटांना एक हलकीशी सूट जाणवते, विरोध नाहीसा होतो. त्या क्षणी पातं आणखी खाली जाता कामा नये. यासाठी मी दुसऱ्या हाताचं बोट हॅण्डपीसच्या पुढच्या भागाला टेकू म्हणून लावते आणि त्या हाताची करंगळी रुग्णाच्या अंगावर पक्की ठेवते. हात हवेत तरंगत असेल तर ती सूट जाणवेपर्यंत दोन मिलिमीटर उशीर झालेला असतो.

आणि मग तोच प्रश्न, हा आतला कॉर्टेक्स लॅमिनाच्या कोणत्या अर्ध्या भागात पार होतोय? खालच्या अर्ध्यात ती सूट जाणवून हात थोडा पुढे गेला तरी खाली फ्लेवम आहे. वरच्या अर्ध्यात नाही. म्हणून मी खाच खालून वर नेते, आणि वरचा अर्धा भाग आला की आतला कॉर्टेक्स पूर्ण कापतच नाही. कागदासारखा पातळ ठेवते आणि बारीक हुकने, किंवा जागा असेल तर एक मिलिमीटरच्या केरिसनने उचलून मोडते. थोडा वेळ जास्त जातो. जाऊ दे.

नवीन रेसिडेंटना मी आधी कच्च्या अंड्यावर बसवते. अंड्याचं कवच काढायचं आणि आतली पातळ पापुद्र्यासारखी त्वचा शाबूत ठेवायची, हा ड्रिलचा जुना सराव. अल्ट्रासोनिकने तो बराच लवकर जमतो, पोरं खूश होतात. मग मी पाणी बंद करायला सांगते आणि पातं एका जागी धरून ठेवायला सांगते. पापुद्रा फुटत नाही. पण त्याच्याखालचा पारदर्शक द्रव पांढरा व्हायला लागतो. एकजण म्हणाला, "मॅडम, हे तर शिजतंय." तेच दाखवायचं होतं. त्यानंतर पाणी सोडा असं मला त्या मुलांना फारसं सांगावं लागत नाही.

या हत्याराची खरी कमाल मला दोन ठिकाणी दिसते.

पहिली, मानेतली लॅमिनोप्लास्टी. जपानमध्ये हिराबायाशी यांनी 1977 मध्ये सुरू केलेली पद्धत: लॅमिना काढून टाकायची नाही, एका बाजूने पूर्ण कापायची, दुसऱ्या बाजूला फक्त खोबण करायची आणि दरवाजासारखी उघडून ठेवायची. जी बाजू उघडायची तिथे हे पातं अप्रतिम आहे. पात्याची जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे चीर बारीक पडते, हाड वाया जात नाही, आणि ओठ आत घालावा लागत नाही. पण बिजागरीच्या बाजूला मी आजही ड्रिलच वापरते. तिथे खोबण रुंद लागते, तरच लॅमिना हळूच वाकते. बारीक चीर पाडून वाकवायला गेलात तर ती वाकायच्या ऐवजी मोडते. दोन्ही बाजू एकाच हत्याराने उरकायचा मोह होतो, वेळ वाचतो, पण मला ते पटत नाही.

दुसरी, छातीच्या मणक्यातला हाड झालेला फ्लेवम. इथे फ्लेवमच हळूहळू हाडात बदलतो आणि मज्जारज्जूवर मागून दाबत राहतो. छातीतला कॅनॉल मुळात अरुंद, मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटपुंजा, आणि वर हे हाड काही वेळा ड्युराशी एकजीव झालेलं. केरिसन आत जात नाही, घालूही नये. ड्रिलने सगळं घासत बसायचं तर प्रत्येक क्षणी घसरण्याची टांगती तलवार. अल्ट्रासोनिकने मी दोन्ही बाजूंना, दाबाच्या जागेपासून लांब, फॅसेटमधून चिरा पाडते आणि मग मधला अख्खा भाग एकत्र उचलते. उचलताना एक काळजी जिवापाड घ्यावी लागते. एक कड वर ओढली की दुसरी कड खाली जाते, आणि खाली मज्जारज्जू आहे. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक क्लॅम्प, मी आणि सहायक समोरासमोर, आणि तुकडा सरळ वर, सपाट. मधे कुठे चिकटलेलं असेल तर ओढायचं नाही, तेवढं बेट पातळ करून ड्युरावर तरंगत सोडून द्यायचं. दाब गेला की काम झालं, शंभर टक्के हाड निघालंच पाहिजे असा हट्ट नको.

अशाच एका शस्त्रक्रियेत न्यूरोमॉनिटरिंगच्या, म्हणजे मज्जारज्जूतले सिग्नल सतत बघणाऱ्या, मॅडमनी मला मधेच थांबवलं होतं, पायांचे सिग्नल कमी झाले होते. पातं बाहेर काढलं, कोमट सलाइनने जखम धुतली, भूलतज्ज्ञांनी रक्तदाब वाढवला, आणि आम्ही सगळे नुसते उभे राहिलो. सिग्नल परत आले. ते कशामुळे गेले होते, उष्णता, कंपन, की कमी रक्तदाब, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेव्हापासून अशा केसमध्ये दर चिरेनंतर पातं जखमेबाहेर काढून सिग्नल बघायचे हा आमचा नियम आहे. तसंही सिग्नलसाठी उत्तेजन दिलं की रुग्णाचे स्नायू झटका देतात, तेव्हा आत पातं असूच नये.

लहान मुलांच्या मणक्यातल्या गाठीसाठीही ही बारीक चीर मला आवडते. लॅमिना अख्खी उचलायची, गाठ काढायची आणि लॅमिना पुन्हा जागेवर बसवायची. ड्रिलने एवढं हाड खाल्लं जातं की परत बसवताना फट राहते. आणि फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडणं, करायचं असेल तर कापलेली लॅमिना तुकड्यातुकड्यांनी हाडाचा कलम म्हणून वापरता येते, ड्रिलच्या भुश्यासारखी सक्शनमध्ये जात नाही.

कमरेतल्या रोजच्या डिकम्प्रेशनमध्ये मात्र मी त्यावर फार भर देत नाही. लॅमिना काढण्यापुरतं ठीक. पुढे नस ज्या बाजूच्या खाचेतून बाहेर पडते तिथे आतून कोरायचं असतं, वळणावर, नसेच्या अगदी अंगाला लागून. तिथे सरळ पात्याला काम नाही. वळणदार, घासणाऱ्या टिप मिळतात, काहीजण त्या सफाईने वापरतात, माझा हात केरिसनवरच बसला आहे. पुरावा काय म्हणतो? प्रसिद्ध झालेले बरेच अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत. लॅमिना काढायला लागणारा वेळ आणि रक्तस्राव कमी होतो, याकडे त्यांचा कल दिसतो. माझा अनुभवही तसाच, आतल्या स्पंजी हाडातून कमी झिरपतं, हाडातलं रक्त थांबवणारं बोन वॅक्स कमी लागतं. ड्युरा फाटणं मात्र या यंत्राने संपलेलं नाही, आणि जो कुणी संपलं म्हणतो त्याने जुन्या व्रणातल्या केसेस किती केल्या, हे विचारावं.

आणखी एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. चालू पातं धातूला लावू नका. जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर, स्क्रू, सक्शनची नळी, कशालाही. पात्याला सूक्ष्म चीर पडते आणि मग ते जखमेत मोडू शकतं. टिप बसवताना ती पान्याने ठरलेल्या ताणापर्यंतच आवळायची, हाताच्या अंदाजाने नाही. सैल टिप कंपन नीट पुढे देत नाही, ती तापते. आणि पात्याचं नुसतं टोक तापत नाही, दांडाही तापतो. छोट्या छेदातून, नळीतून काम करताना दांडा स्नायूला किंवा कातडीच्या कडेला टेकून राहिला तर तिथे भाजतं. दांड्यावरची स्लीव्ह नीट बसली आहे ना हे मी स्वतः बघते, सिस्टरवर विश्वास आहे तरीही.

रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "मॅडम, त्या नव्या मशीननेच कराल ना?" मी हो म्हणते, जिथे लागेल तिथे. मग त्यांना सांगते की मशीन दाब काढून टाकायला मदत करेल, मज्जारज्जूत आधीच जे बिघडलं आहे ते परत आणणार नाही. बटणं लावता येईनाशी होऊन वर्ष झालं असेल तर कुठल्याही पात्याने ते वर्ष भरून निघत नाही. हे ऐकताना समोरच्यांचे चेहरे उतरतात, पण ऑपरेशनआधी उतरलेले बरे.

बनवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. माझ्या कन्सोलच्या पडद्यावर पॉवर दिसते, पाण्याचा प्रवाह दिसतो, किती वेळ पातं चाललं तेही दिसतं. पात्याच्या टोकाचं तापमान दिसत नाही. आज मी ते हाताच्या वेगावरून, आवाजावरून आणि खाचेतून येणाऱ्या पाण्यावरून ताडते. हे ताडणं शिकायला मला बराच काळ लागला आणि ते मी कुणाला लिहून देऊ शकत नाही. टोकाजवळ तापमान मोजणारा एक सेन्सर बसवा आणि 47 च्या जवळ जाताच पातं आपोआप थांबवा. तेवढं झालं तर लॅमिनाच्या वरच्या अर्ध्या भागात मी माझ्या रेसिडेंटच्या हातात हे पातं आजच्यापेक्षा लवकर देईन.